पाला परसाचा कीं बाजाराचा?

केंद्र सरकारनें २०१९ ते २०२१ या काळांत जी पांचवी राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणी करविली, तिच्यांतील एका आकड्याकडे आमच्या शहरांतील सुशिक्षितांचें आणि व्यापारी मंडळींचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. महाराष्ट्रांत पंधरा ते एकूणपन्नास वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४.२ स्त्रियांच्या अंगांत पुरेसें रक्त नाहीं, असें त्या पाहणींत आढळलें. त्याच्या आधींच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणींत हेंच प्रमाण शेंकडा ४८ होतें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांची गोष्ट तर याहून शोचनीय. तेथें आकडा ५३.८ वरून ६८.९ वर गेला. बोटाला टोंचून काढलेल्या थेंबावर केलेल्या चांचणीनें हा आकडा फुगलेला दिसतो असा आक्षेप जाणत्या तज्ज्ञांनीं घेतला आहे, आणि तो आम्हांस गैरवाजवी वाटत नाहीं. पण त्या आक्षेपाची सर्व सूट दिली तरी जें उरतें तें लाज वाटावी एवढें मोठें आहे. ज्या राज्यांत मुंबईसारखी व्यापाराची पेठ आहे, नाशिकसारखा भाजीपाल्याचा जिल्हा आहे, त्या राज्यांतील बालकें निस्तेज असावींत, हा प्रश्न केवळ डॉक्टरांवर व सरकारवर सोपवून आपण मोकळें व्हावें असा खचित नाहीं.

रक्तक्षयाचीं कारणें पुष्कळ आहेत. पोटांतील जंत, स्त्रियांचा मासिक रक्तस्राव, लवकर व लागोपाठ येणारीं बाळंतपणें, अन्नांतील लोहाचा, फोलिक आम्लाचा व ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, अशीं तीं अनेक आहेत. त्यांपैकीं ब-१२ तर कोणत्याहि पाल्यांत मिळत नाहीं. तेव्हां पालेभाजी खाल्ली कीं रक्त वाढलें, इतका सोपा हिशेब कोणी सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. पाल्यांतील लोह शरीरांत सहजीं शोषलें जात नाहीं; त्यावर लिंबू पिळलें तर अधिक शोषलें जातें, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर बरेंचसें वायां जातें. असें असलें तरी पाल्याचें महत्त्व कमी होत नाहीं. फोलिक आम्ल, डोळ्यांना लागणारें अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतें तें पिवळें-केशरी द्रव्य, क जीवनसत्त्व आणि चुना हीं सर्व एकत्र इतक्या स्वस्तांत देणारी दुसरी वस्तु आमच्या आहारांत नाहीं. पाल्यांतील तें केशरी द्रव्य अंगीं लागावयास थोडें तेल लागतें, आणि तें काम आमच्या आजीबाईंची फोडणी शास्त्र न शिकतांच करीत आली आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था दर माणशीं रोज सुमारें १०० ग्रॅम पालेभाजी असावी असें सांगते. चार माणसांच्या घरांत ती रोज ४०० ग्रॅम व महिन्याकांठीं १२ किलो झाली. आठवड्यांतून एक-दोनदां मेथीची जुडी आणून ‘पालेभाजी झाली’ असें समजणाऱ्या घरांनीं आपला हिशेब या आकड्याशीं ताडून पाहावा.

मग लोक पालेभाजी खात कां नाहींत? महाग म्हणून, वेळ नाहीं म्हणून, मुलांना आवडत नाहीं म्हणून, हीं उत्तरें ठरलेलीं आहेत, व तीं खोटींहि नाहींत. परंतु आमच्या मतें खरें कारण त्यांच्या मागें आहे. तें असें कीं, पाला ही वस्तु मुळांत बाजाराला मानवणारी नाहीं, आणि शहरांनीं ती सर्वस्वीं बाजाराच्या हवालीं करून टाकली आहे.

हें विधान व्यापाऱ्यांस विचित्र वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतों. गहूं, ज्वारी, तूर यांचा सांठा वर्षभर राहातो. कांदा चाळींत महिनोगणती टिकतो. बटाटा, भोपळा, सुरण यांना चार दिवसांचा प्रवास जाणवत नाहीं. यांचा व्यापार करण्यांत व्यापाऱ्याचें कौशल्य आहे आणि समाजाचें हितहि आहे. पाल्याचें तसें नाहीं. तो कापल्या क्षणापासून सुकूं लागतो. त्यांतील पाणी उडतें, आणि क जीवनसत्त्व तर तासातासानें कमी होत जातें. नाशिक-पुण्याकडे दुपारीं कापलेली जुडी रात्रीं गाडींत चढते, पहांटेच्या आधीं वाशीच्या घाऊक बाजारांत उतरते, तेथून किरकोळ विक्रेत्याच्या हारींत येते, दिवसभर तिच्यावर पाणी शिंपडलें जातें, आणि संध्याकाळीं कचेरींतून परतणारा गृहस्थ ती घरीं नेतो. या साऱ्या फेऱ्यांत जी सडते तिची किंमत, जी विकली जाते तिच्यावर चढते. पावसाळ्यांत चार दिवस झड लागली कीं कोथिंबिरीचे भाव कोठल्या कोठें जातात, आणि ऊन पडलें कीं तीच कोथिंबीर शेतकरी रस्त्यावर फेंकून देतो. यांत अडत्याला शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या सक्तींतून मोकळा केला, तो आमच्या मतें योग्यच होता. पण कायदा सैल केल्यानें पानाचें आयुष्य कांहीं वाढत नाहीं.

बाजाराचा आणखी एक परिणाम कोणाच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. जो पाला प्रवास सोसतो, ज्याची जुडी नीट बांधली जाते आणि ज्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे, तोच बाजारांत टिकतो. म्हणून मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, फार तर माठ यांवर शहरांची पालेभाजी संपते. चाकवत, चंदनबटवा, घोळ, पोकळा, राजगिरा, मायाळू, अंबाडी, करडईचा कोंवळा पाला, शेवग्याचा पाला यांपैकीं किती आमच्या मुलांना ओळखतां येतील? पावसाळ्याच्या तोंडीं ठाणें-पालघरच्या डोंगरांतून आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळें घेऊन मुंबईच्या बाजारांत बसतात. त्यांच्या पाट्यांभोंवतीं जी गर्दी होते तींत पिकल्या केसांचीच माणसें अधिक असतात. ही विद्या आणखी एका पिढीनंतर कोणाजवळ राहील, हा प्रश्न त्या गर्दीकडे पाहून कोणासहि पडावा.

आतां या पाल्याच्या शुद्धतेविषयीं. मुंबईच्या लोकलगाडींतून जाणाऱ्या प्रत्येकानें रुळांलगतचे पालकाचे व माठाचे हिरवे वाफे वर्षानुवर्षें पाहिले आहेत आणि त्यांवर कोणत्या नाल्याचें पाणी फिरतें तेंहि पाहिलें आहे. या वाफ्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला, तेथील तांदूळ बंद झाला, आणि १९४२-४३ च्या सुमारास तत्कालीन सरकारनें ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम काढली. त्याच मोहिमेच्या नांवाखालीं रेल्वेच्या पडीक जमिनी नोकरांस भाजीपाल्यासाठीं देण्याचा प्रघात पडला. मोहिमेचें पुढें काय झालें? व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५२ सालीं तिची चौकशी केली व तिनें देशभर लोकांत उत्साह उत्पन्न झाला नाहीं असा निर्णय दिला. हुकुमानें पेरलेली बाग हुकुमाबरोबर सुकते, हें तेव्हांच सिद्ध झालें. रुळांकांठचे वाफे मात्र पुढेंहि टिकले, कारण त्यांत कोणाचें तरी पोट गुंतलेलें होतें. पण पाणी नाल्याचें. कारखान्यांचें सांडपाणी ज्यांत मिसळलें आहे अशा पाण्यांतील शिसें व कॅडमियम हीं विषारी धातुद्रव्यें पालेभाजी इतर भाज्यांपेक्षां अधिक ओढून घेते. भाजी चार पाण्यांनीं धुतली तर चिखल जातो, बरेचसे रोगजंतू जातात. पानाच्या आंत शिरलेलें शिसें धुतल्यानें जात नाहीं. पिकविणाऱ्या गरीबाचा यांत दोष फार थोडा. शहरानें स्वच्छ पाणी दुसरीकडे वळविलें आणि घाण त्याच्या वाट्यास ठेवली, व पुन्हां त्या घाणींत उगवलेलें तेंच शहर विकत घेऊन खातें!

याला उपाय म्हणून आम्ही जो सुचवितों तो कांहीं नवा नव्हे. प्रत्येक घरामागें परसूं होतें, तेव्हां पाला हा विकत घेण्याचा पदार्थच नव्हता. मुंबईच्या गिरगांवांत फणसवाडी, केळेवाडी हीं नांवें अजून आहेत. ज्या वाड्यांवरून तीं पडलीं त्यांतील झाडें जाऊन तेथें चाळी उठल्या, आणि आतां चाळीहि जाऊन मनोरे उठत आहेत. कोंकणांत मोरीचें पाणी जेथें बाहेर पडे तेथें अळू लावीत. वायां जाणाऱ्या पाण्याचें फदफदें व वडी होई. (हल्लींच्या साबणाच्या भुकटीचें पाणी त्या अळवाला घालूं नये, हें येथें सांगून ठेवतों, डाळ-तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी मात्र चांगलें.) भाद्रपदांतील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमानें पिकलेलें खावयाचें नाहीं असा नियम आहे. त्या व्रताच्या मुळाशीं स्त्रियांच्या विटाळाची जी कल्पना आहे ती सर्वस्वीं टाकाऊ आहे व ती टाकावी असेंच आम्ही म्हणूं. पण त्या दिवशींच्या भाजींत काय पडतें तें पाहा: अळू, माठ, अंबाडी, भोपळा, पडवळ, दोडका, मक्याचें कणीस. नांगराशिवाय, केवळ हातानें, दारापुढें वा परसांत जें होतें त्याची ती यादी आहे. आज तीच भाजी आयती चिरून, पुडक्यांत भरून बाजारांत मिळते, आणि व्रत पाळलें असें समाधान मानून आम्ही ती विकत घेतों.

परसूं कोणीं नाहींसें केलें? केवळ जागेची टंचाई हें उत्तर पुरें नाहीं. मध्यम शहरांतहि, जेथें घराभोंवतीं दहा-वीस हात जमीन अजून आहे, तेथें ती फरशीनें वा काँक्रीटनें मढविण्याची हौस वाढली आहे. माती म्हणजे चिखल, चिखल म्हणजे गांवढळपणा, अशी एक समजूत शिकलेल्या लोकांत रुजली आहे. मोटारगाडीला जागा पाहिजे म्हणून कढीलिंबाचें झाड तोडतात आणि दोन काड्या कढीलिंबासाठीं त्याच गाडींतून मंडईला जातात. आणि ‘पाला’ या शब्दालाच आमच्या बोलण्यांत कमीपणा आहे; पाहुण्यापुढें पालेभाजी ठेवली तर यजमानास संकोच वाटतो. गरीबाचें अन्न म्हणून ज्याला हिणविलें, तेंच परदेशाहून वेगळ्या नांवानें व चकचकीत डबींत आलें म्हणजे मात्र आम्ही त्याला दहापट पैसे मोजतों. शेवग्याच्या पाल्याची भुकटी हें याचें ताजें उदाहरण. ज्या झाडाची फांदी पावसाळ्याच्या आरंभीं जमिनींत खोंवली तरी फुटते, त्याची भुकटी घ्यावयास औषधाच्या दुकानांत जावें, याला काखेंत कळसा नि गांवाला वळसा यापलीकडे दुसरें काय म्हणावें?

आतां हिशेबाकडे वळूं, कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ हिशेबी माणसें आहेत व त्यांनीं भावनेवर विसंबूं नये. माठ किंवा मेथी दाट पेरली तर पंचवीस-तीस दिवसांत कापणीस येते, आणि एका चौरस मीटर वाफ्यांत एका पेऱ्याला साधारणतः एक किलो पाला मिळतो असें धरावें. चार माणसांना महिन्यास १२ किलो हवा, तर १२ चौरस मीटर जागा लागेल. शहरांतील फारच थोड्या बिऱ्हाडांजवळ ती असते. पण चार चौरस मीटर, म्हणजे एक मध्यम गॅलरी आणि खिडकीची कड मिळून होणारी जागा, तींत गरजेचा तिसरा हिस्सा निघतो. उरलेले दोन हिस्से बाजारांतूनच येतील. तेव्हां भाजीविक्यांनीं या उद्योगाला भिण्याचें कारण नाहीं. उलट ज्या घरांत ताज्या पाल्याची चव लागते तें घर एकंदरींत भाजी अधिकच घेऊं लागेल, अशी आमची अटकळ आहे.

कांदे, बटाटे, वांगीं, टोमॅटो यांच्या मागें गॅलरींत लागूं नये. त्यांना दिवसांतून सहा-सात तासांचें ऊन हवें, खोल माती हवी, आणि कीड लागली कीं उत्साहहि जातो. नवशिक्यांच्या बहुतेक बागा टोमॅटोपायींच बुडतात. पाल्याला चार तासांचें ऊन व वीतभर माती पुरते. उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत माठ, तांदुळजा, अंबाडी, घोळ. हिंवाळ्यांत मेथी, पालक, चाकवत, शेपू. मायाळूचा वेल एकदां कठड्यावर चढला कीं महिनोन् महिने पानें देतो व थोड्या सावलीलाहि कुरकुरत नाहीं. मुळासकट उपटण्याऐवजीं वरून खुडलें तर माठ, पालक आणि राजगिरा पुन्हां फुटतात. मूतखड्याचा विकार असलेल्यांनीं पालक-माठ किती खावा तें वैद्यास विचारावें. इतरांनीं भीति बाळगूं नये. रस्त्याच्या अगदीं कडेची किंवा जुन्या रंगाच्या पोपड्यांनीं भरलेली माती मात्र कोणीहि वापरूं नये, नाहीं तर नाल्याकांठच्या भाजीला नांवें ठेवून आपण घरींच शिसें पिकविल्यासारखें होईल.

गच्चीचा प्रश्न निराळा आहे, आणि त्यांत गृहसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. कोणी सभासद गच्चीवर कुंड्या ठेवूं लागला कीं खालचा सभासद गळतीची तक्रार करतो, आणि समिति गच्चीला कुलूप लावून मोकळी होते. ही भीति सर्वस्वीं पोकळ नाहीं. ओल्या मातीचें वजन दर घनमीटरला दीड टनाहून अधिक भरतें. म्हणजे सहा इंच मातीचा थर गच्चीभर पसरला तर दर चौरस मीटरवर सव्वादोनशें किलोहून अधिक भार पडला. आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा आराखडा करतांना जो जादा भार भारतीय मानकांत धरतात तो दर चौरस मीटरला सुमारें १५० किलोच असतो. म्हणून मातीचे वाफे गच्चीवर पसरणें हें अविचाराचें काम आहे. परंतु माती थोडी आणि सुका पालापाचोळा, नारळाचा भुसा व कुजलेलें खत अधिक, असें मिश्रण भाजीच्या जुन्या क्रेटांत भरून ते विटांवर उचलून, तुळयांच्या व भिंतींच्या रेषेवर ठेवले, तर भार निम्म्याहून कमी होतो व खालची फरशी कोरडी राहते. एकदां जाणत्या बांधकाम-अभियंत्याकडून गच्ची तपासून घ्यावी. तेवढा खर्च सभासदांत वाटला म्हणजे कोणासहि जड नाहीं. कुलूप हें त्यावर उत्तर नव्हे.

ही कल्पना केवळ कागदी आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं दोन उदाहरणें ध्यानांत घ्यावीं. कोल्हापूरचे कै. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनीं ‘प्रयोग परिवार’ उभा करून, पालापाचोळ्यापासून केलेल्या हलक्या, सुपीक मातींत अगदीं थोड्या जागेंत कुटुंबाचा भाजीपाला कसा निघतो याचे प्रयोग सामान्य माणसांच्या हातून करविले. मुंबईंत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तेथील अधिकारी प्रीति पाटील यांनीं २००२ च्या सुमारास स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडें वाढवून दाखविलीं. या दुसऱ्या उदाहरणांतील मर्म कचऱ्याचें आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला व सुका कचरा वेगळा करण्याचें बंधन नागरिकांवर घातलें. त्याची अंमलबजावणी कशी झाली तें आपल्या शहराच्या कचरा-डेपोच्या वाऱ्याच्या दिशेला राहणारास विचारावें. पुण्याच्या कचऱ्याचा जाच उरुळी देवाचीच्या रहिवाशांनीं किती वर्षें सोसला हें पुणेकरांस सांगावयास नको. घरांतील भाजीचीं देठें, सालें, चहाचा चोथा हीं बादलींत कुजवून दोन-तीन महिन्यांत खत होतें. तें खत कोठें वापरावें हा प्रश्न ज्याच्याजवळ दोन क्रेट मेथी आहे त्याला पडत नाहीं, आणि ज्याच्याजवळ नाहीं तो चार दिवसांत कंटाळून सर्व कांहीं एकाच पिशवींत भरूं लागतो. पुणें महानगरपालिकेनें गांडूळखत, पर्जन्यजल-संचय व सौर ऊर्जा यांची व्यवस्था करणाऱ्या मिळकतींस करांत सवलत देण्याचा पायंडा पाडला, तो स्तुत्य आहे. त्यांत परसबागेचाहि समावेश व्हावा आणि इतर नगरपालिकांनींहि तो उचलावा. अंगणाचा अमुक भाग मातीचा उघडा ठेवल्यास कर कमी, एवढा साधा नियम केला तरी फरशीची हौस बरीच आटोक्यांत येईल.

बियाण्यांविषयीं आमच्या व्यापारी वाचकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. शहरांत जीं बीजभांडारें आहेत त्यांत पालकाचें व कोथिंबिरीचें पाकीट सहज मिळतें. चाकवत, चंदनबटवा, घोळ, लाल अंबाडी मागितली तर दुकानदार मागणाराकडेच पाहूं लागतो. ‘गिऱ्हाईक नाहीं म्हणून माल नाहीं’ हें त्याचें उत्तर, आणि ‘माल नाहीं म्हणून गिऱ्हाईक नाहीं’ हें आमचें. अहिल्यानगर जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेचें शिक्षण नव्हतें. त्यांनीं ‘बाएफ’ संस्थेच्या साह्यानें देशी धान्यांचें व भाज्यांचें बियाणें घरांत जपून गांवोगांवच्या बायांना वाटलें, आणि २०२० सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री जाहीर केली. मान योग्य माणसाला मिळाला. पण मान देऊन, फोटो काढून, त्यांचें बियाणें शहराच्या एकाहि दुकानांत येऊं नये ही कोणत्या प्रकारची कदर? २००१ च्या वाण-संरक्षण कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बियाणें जपण्याचा, देवघेवीचा आणि छापाच्या नांवाशिवाय विकण्याचा हक्क दिलेला आहे. अशा शेतकरी बायांच्या गटांकडून माल घेऊन लहान पुड्या बांधणारा एखादा उत्साही व्यापारी प्रत्येक शहरांत निघाला, तर त्यांत तोट्याचा धंदा आम्हांस दिसत नाहीं.

सरकारच्या बाजूनें कांहींच होत नाहीं असेंहि नाहीं. शाळांतून पोषण-बागा कराव्या अशा सूचना केंद्राच्या शिक्षणखात्यानें २०१९ सालीं काढल्या. अंगणवाड्यांतून ‘पोषण वाटिका’ करण्याचा प्रचारहि चालू आहे. हेतु उत्तम. अडचण अशी कीं शाळेला मे महिन्यांत सुटी लागते, आणि जूनमध्यें मुलें परत येतात तेव्हां वाफ्यांत फक्त फलक उभा असतो. एका सत्रांत पेरून त्याच सत्रांत खाऊन संपविण्याजोगें पीक पाल्याशिवाय दुसरें नाहीं. तरी समारंभाच्या दिवशीं शाळांतून फळझाडांचीं रोपेंच लावलीं जातात, कारण माठ पेरतांना काढलेला फोटो शोभत नाहीं. ज्या अंगणवाडींत पाण्याचा नळ नाहीं तेथें सेविकेनें बाग करावी असें सांगणें ही तर तिची थट्टाच आहे. आधीं नळ द्यावा, मग अहवाल मागावा.

सेविकेच्या या गोष्टीवरून, आमच्याच सूचनेंत जो एक धोका आहे त्याकडे वळणें भाग आहे. घरच्या बागेचा उपदेश करणारे बहुतेक लेखक पुरुष असतात आणि पाणी घालण्याचें काम बहुधा बायकांच्या वांट्याला येतें. जी स्त्री पहांटे उठून डबे करते, कचेरींत जाते, परत येऊन स्वयंपाकाला लागते आणि जिच्या अंगांत रक्त नाहीं असें पाहणी सांगते, तिच्याच डोक्यावर आणखी दहा कुंड्या ठेवल्या तर औषधापेक्षां रोग बरा म्हणण्याची पाळी येईल. पालेभाजी निवडणें हेंच किती वेळखाऊ काम आहे याची कल्पना, तें कधीं न केलेल्या गृहस्थांस नसते. म्हणून आम्ही स्पष्टपणें सांगतों कीं हें काम घरांतील पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं करावयाचें आहे. पेरणें, पाणी, खत, खुडणें आणि निवडणें, सर्व. सकाळीं पंधरा मिनिटें वर्तमानपत्र उशीरां वाचलें तर आमची तक्रार नाहीं. आणि खुडलेली भाजी पानांत वाढतांना घरच्या सुनेला व मुलींना ती सर्वांच्या शेवटीं, उरली तर, अशी मिळत असेल, तर परसांत कितीहि माठ पिकला तरी पाहणीचा आकडा तेथेंच राहील.

गृहसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरवाव्या लागतात. हिशेब मंजूर करून चहा घेऊन उठावयाचें, हा त्यांचा नेहमींचा क्रम. ज्या सभासदांना गच्चीचें कुलूप उघडावें असें वाटतें त्यांनीं सभेची नोटीस निघण्यापूर्वींच समितीकडे लेखी विषय द्यावा: गच्चीची अभियंत्याकडून तपासणी, भाराची व गळतीची अट घालून क्रेटांना परवानगी, ओल्या कचऱ्याचें खत आवारांतच करण्याची जागा, आणि आवारांतील ज्या मातीवर अजून फरशी बसलेली नाहीं ती तशीच राखण्याचा ठराव. विषयपत्रिकेवर नसलेला विषय आयत्या वेळीं अध्यक्षांच्या परवानगीवाचून घेतां येत नाहीं, आणि ती परवानगी मिळत नाहीं हा बहुतेकांचा अनुभव आहे. सप्टेंबरांत ठराव झाला तर ऑक्टोबरांत मेथी व चाकवत पेरावयास वेळ राहतो.